वर वाटी, खाली परात

आमच्या बोळातल्या एका घरात मागच्या वर्षी वरच्या मजल्यावर बेसिन बसवलं. पाइप खाली सोडायला स्लॅबला भोक पाडायचं होतं. पाडणारा गडी दणकट होता. सुतकी-छिन्नी घेऊन बसला आणि जेवायच्या सुट्टीआधी आरपार झाला. वरनं बघितलं तर वाटीएवढं भोक. खाली जाऊन बघितलं तर परातीएवढा खड्डा, त्यातनं डोकावणाऱ्या दोन गंजक्या सळ्या आणि पलंगावर पाटीभर खपल्या. पलंगावर त्या वेळी कुणी झोपलेलं नव्हतं, एवढंच नशीब.

त्यामुळं आमच्या घरात तीच वेळ आली, तेव्हा वहिनीनं पहिल्याच बैठकीत विचारलं, "वरनं केवढं ते राहू दे भाऊजी. खालनं केवढं दिसणार?"

प्रश्न अगदी बिनचूक होता. वरची जमीन माझी असली तरी तिची खालची बाजू म्हणजे वहिनीच्या स्वयंपाकघराचं छत.

आमचं घर कोल्हापुरात शुक्रवार पेठेत, पंचगंगेकडं उतरणाऱ्या बोळात. तीन बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, चौथ्या बाजूला बोळ. खाली दादा-वहिनी आणि त्यांची मुलगी. वर मी, बायको आणि आई. आई पूर्वी खालीच असायची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. इशारा पातळी ३९, धोक्याची ४३. हे दोन आकडे आमच्याकडच्या पोरांना पाढ्यांआधी पाठ होतात. त्या वेळी स्वयंपाकघरात कमरेएवढं पाणी होतं. आईला खुर्चीत बसवून आम्ही दोघांनी वर नेलं. पाणी ओसरलं, गाळ काढला, भिंती धुतल्या, पण आई काही खाली उतरली नाही. २०२१ ला पुन्हा पूर आला, तेव्हा वरच्या खिडकीतनं बोळातलं पाणी बघत म्हणाली, "बघा. मी म्हणत हुते का न्हाई?"

तिचं बरोबर होतं. पण संडास खाली, जिना उभा, पायऱ्या १४ आणि आईचं वय ७८. रात्री दोनदा उठायची. प्रत्येक वेळी मी किंवा बायको पुढं एक पायरी, ती मागं कठड्याला धरून. मागच्या दिवाळीत शेवटच्या दोन पायऱ्या ती बसूनच उतरली. उतरली म्हणजे घसरली. हाड मोडलं नाही, पण दुसऱ्या दिवशी दादा स्वतःच वर येऊन म्हणाला, वर संडास करायचाच.

करायचा कुठं याला फार पर्याय नव्हते. तिन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, तिकडनं पाइप काढणं शक्यच नाही. खालच्या संडासाचं चेंबर स्वयंपाकघराच्या कोपऱ्याला लागून आहे. म्हणजे वरचा पाइप बरोबर त्या कोपऱ्यात उतरला पाहिजे. हवेचा पाइप काय, वर पत्रा आहे, त्यातनं निघतो. अडचण होती ती जमिनीची. वरच्या खोलीची शहाबादी फरशी, तिच्याखालचा बेड, मग साडेचार इंचांचा स्लॅब, खाली गिलावा आणि त्याच्याखाली वहिनीची शेगडी.

प्लंबर आला. त्याच्या बोलण्यात 'होल' होतं. ओळखीचा एक इंजिनिअर आला, त्यानं 'ओपनिंग' म्हटलं. आई भोकच म्हणत राहिली. मला तिचा शब्द बरा वाटतो. आपल्याकडं भोक, छिद्र, बीळ, खिंडार, भगदाड असे शब्द आहेत आणि प्रत्येकात पाडणाऱ्याचा हात दिसतो. भगदाड कुणी मोजून पाडत नाही.

प्लंबर म्हणाला, "ब्रेकर लावतो की मालक. तासाभराचं काम." मी त्याला शेजारची परात सांगितली. तो हसला. म्हणाला, त्यावर पुन्हा गिलावा मारून घ्यायचा, काय कळतंय?

न कळायला काय झालं? काँक्रीट दाबाला लोखंडासारखं वागतं आणि ताणाला बिस्किटासारखं. जेवढा दाब ते सोसतं, त्याच्या साधारण दहाव्या भागाएवढ्या ताणात ते फाटतं. म्हणून तर त्यात सळ्या घालायच्या. वरनं घाव घातला की वरच्या थराला खाली पुरेसा आधार असतो, तिथं नुसता चुरा होतो. जसजसं खाली जाल तसा आधार पातळ होत जातो. शेवटच्या इंचाखाली तर हवाच असते. तिथं प्रत्येक घाव खालच्या थराला ढकलतो, ताणतो, आणि तो थर छिन्नीच्या टोकाखाली न तुटता लांबवर जाऊन तिरका तुटतो. भोकाचा आकार उलट्या नरसाळ्यासारखा होतो. ब्रेकरनं तर आणखी एक गोष्ट होते: हादरा सळीला लागून पुढं जातो आणि सळीभोवतालचं काँक्रीट तिला सोडतं. ते वरनं दिसत नाही, खालनंही दिसत नाही. चार-पाच वर्षांनी तिथं गंज फुगतो, तेव्हा कळतं.

दुसरा एक मार्ग पुष्कळ जण सांगतात आणि तो वाईट नाही. गोल आखायचा, त्या रेघेवर हातातल्या ड्रिल मशीननं शेजारी शेजारी बारकी भोकं मारत जायचं, पोस्टाच्या तिकिटाच्या कडेला असतात तशी, आणि मग मधला भाग हलक्या हातानं सोडवायचा. भोकं आरपार असतील तर परात होत नाही. वाटी होते, फक्त कडा कुरतडलेली. संयम असेल त्यानं जरूर करावं. माझ्याकडं संयम आहे, पण खाली वहिनी होती.

इंजिनिअरनं मात्र मशीन राहू दे बाजूला, आधी जागा बघू म्हटलं. टेप लावून तुळया कुठनं जातात ते पाहिलं. तुळईला आणि खांबाला हात लावायचा नाही, हे पहिलं. गॅलरीच्या बाहेर आलेल्या स्लॅबमध्ये सळ्या वरच्या अंगाला असतात, तिथं तर भोकाचं नावही काढायचं नाही, हे दुसरं. मग कागदावर चौकट काढून दाखवली. त्या काळच्या घरात तीन सुती, म्हणजे साधारण दहा मिलिमीटरची टॉर सळी सहा-सहा इंचांवर घालायचे. चारी बाजूंच्या सळ्यांच्या मध्ये मोकळी जागा उरते १४२ मिलिमीटर. पाइप ११० चा, त्याला पाच इंची भोक लागतं, म्हणजे १२७. "मधोमध सापडलं तर दोन्ही बाजूंना साडेसात मिलिमीटर. आणि हे कधी, तर बांधणाऱ्यानं सळ्या अगदी टेपनं मोजून बांधल्या असतील तर."

बांधणारे आमचे आबाच होते, म्हणजे वडील. स्लॅब १९८४ च्या मे महिन्यातला.

आबा उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत मोल्डर होते. ३१ वर्षं त्यांनी भोकंच केली, असं म्हटलं तरी चालेल. ओतीव लोखंडात भोक पाडत नाहीत. ते आधी ठेवतात. साच्यात जिथं भोक हवं तिथं वाळूचा एक ठोकळा बसवायचा, त्याला कोअर म्हणतात. भोवतीनं रस ओतला की लोखंड सगळीकडं जातं आणि कोअरच्या जागी जात नाही. लोखंड थंड झालं की साचा फोडायचा, कोअर ठोकून झाडून टाकायचा, आणि त्याच्या जागी राहतं ते भोक. ऐकायला सोपं. पण वितळलेल्या लोखंडापुढं वाळू हलकी, त्यामुळं कोअर लाकडासारखा वर तरंगायला बघतो. त्याला दाबून धरायला लागतं, आणि तेही असं की धरणारा खिळा लोखंडातच विरघळून जावा. कोअर ओतताना दगडासारखा घट्ट हवा आणि ओतून झाल्यावर राखेसारखा सुटा हवा. म्हणून वाळू बांधायला असं काही घालायचं की जे उष्णतेनं जळून जाईल. जवसाचं तेल, मळी. मळीची आपल्या जिल्ह्यात कधीच वाण नव्हती. आबांच्या डब्याच्या पिशवीला कायम तो गोडूस जळका वास असायचा.

मी सातवीत असताना आम्हाला ते खिद्रापूरला घेऊन गेले होते. कोपेश्वराच्या देवळात पुढचा स्वर्गमंडप आहे, बाराव्या शतकातला, ४८ खांबांचा. मधोमध छताला सुमारे १३ फूट रुंदीचं गोल आभाळ. खाली बरोबर तेवढीच गोल शिळा, भोवती १२ खांब. सगळी पोरं त्या शिळेवर उताणी झोपून वर बघत होती. मी विचारलं, एवढं गोल कसं पाडलं असेल? आबा म्हणाले, "पाडलंय कुठं? ठेवलंय." दगडाची एकेक कडी आत आत सरकवत आणली आणि जिथं थांबायचं तिथं थांबले, असं त्यांनी हातानं दाखवलं. मग दगडावर अंगठा फिरवून कडेचा कोपरा बघितला, फौंड्रीत माल बघायचे तसा.

हे सगळं मला मागच्या महिन्यात आठवायचं कारण म्हणजे राग. जन्मभर इतरांच्या इंजिनांत भोकं ठेवली, आणि स्वतःच्या स्लॅबमध्ये एक पाइपाचं भोक ठेवायचं या माणसाला सुचलं नाही?

१९८४ चा तो दिवस मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतो. मी नऊ वर्षांचा. सिमेंट तेव्हा अर्धं परमिटवर आणि अर्धं खुल्या बाजारात मिळायचं. नियंत्रण पूर्ण उठलं ते १९८९ ला. आबांनी परमिटची पोती साठवून जिन्याखाली विटांवर रचली होती, २२ पोती, आणि आम्हाला त्यांच्यावर चढायची बंदी होती. स्लॅबच्या दिवशी बोळात मिक्सर आला. डोक्यावर घमेली घेतलेल्या बायकांची रांग फळ्यांवरनं चढत होती. दुपारी आभाळ भरून आलं. वळवाच्या पहिल्या थेंबाला सगळे ताडपत्री-ताडपत्री ओरडत पळाले. संध्याकाळी मटणाचं जेवण झालं. पुढचे पंधरा दिवस स्लॅबवर मातीचे आळे करून पाणी तुंबवलं होतं आणि आम्ही त्यात कागदाच्या होड्या सोडायचो. भोकाचं काही म्हणून आठवत नाही.

शेवटी कोअर कटिंग करायचं ठरलं, म्हणजे पोकळ नळी फिरवून गोल तुकडाच कापून काढायचा. कोअर कटिंगवाला उद्यमनगरातूनच आला. स्कूटरवर पुढं पाय ठेवायच्या जागेत मशीन, मागं स्टँड, बरोबर एक पोरगा. तिशीचा असेल. दारातच चप्पल काढून म्हणाला, "मावशी, पाणी मिळंल का?" आईनं तांब्या पुढं केला. तो म्हणाला, "प्यायला न्हाय ओ, मशीनला. बादलीभर लागंल."

प्लंबरनं फरशीवर भिंतीपासून नऊ इंचांवर फुली मारून ठेवली होती, कमोडच्या मापानं. या माणसानं तिथली फरशी उचलली, बेड खरवडला, स्लॅब उघडा केला आणि मशीन न लावता आधी पेन्सिलीएवढ्या बिटनं एक चाचणीचं भोक मारलं. दीड इंचावर आवाज बदलला. कर्रर्र. "सळी." दोन इंच सरकून दुसरं. पुन्हा सळी. तिसऱ्याला म्हणाला, "हितं सळ्या दाट हायत, मालक. खालनं बघू या."

खाली वहिनीनं ओटा रिकामा करून सगळ्या डब्यांवर जुन्या चादरी घातल्या होत्या. त्यानं वर बघितलं आणि बघतच राहिला. तिथं आमचा जुना डाग होता.

हा डाग म्हणजे घरातलं एक कायमचं प्रकरण. स्वयंपाकघराच्या छताला, कोपऱ्याजवळ, ताटलीएवढी गोल ओल. आबांनी दोनदा गिलावा खरवडून नवा केला, दादानं तीनदा रंग दिला, एकदा कसलंसं केमिकलही मारलं. सगळे तिला गळती म्हणायचे. गंमत अशी की पावसाळ्यात ती दिसायची नाही. उन्हाळ्यात यायची. आणि गोल. गळती कधी गोल असते का, हे आमच्यातल्या कुणालाच चाळीस वर्षांत सुचलं नाही. तो माणूस दोन मिनिटांत म्हणाला, "बरोबर वर काय ठेवता?"

वर माठ ठेवतो. फरशीवर तिवई, तिच्यावर माठ, होळीपासून मृगापर्यंत. माठ पाझरतो म्हणून तर पाणी गार होतं.

त्यानं टेबलावर चढून हातोडीच्या दांड्यानं छत वाजवत नेलं. टक, टक, टक, आणि डागाच्या कडेवर आवाज भद्द झाला. गोलाच्या आत पुन्हा टक. खडूनं कडा आखली. खडूचा गोल पुरा झाला तेव्हा तो खाली बघून म्हणाला, "हितं आधीच भोक हुतं की, मालक. कुणीतरी बुजवलंय."

मी वर गेलो. आई पलंगावर बसून शेंगा सोलत होती. तिला सांगितलं. तिनं शेंगा सोलायच्या थांबवल्या नाहीत.

"ठेवलंच हुतं त्यांनी," ती म्हणाली. "मीच बुजवाय लावलं."

मग हळूहळू आलं सगळं. आबांनी स्लॅबच्या आधीच जागा धरून ठेवली होती. पुढं-मागं वर संडास लागंल, म्हाताऱ्या माणसांना जिना होत नाही, म्हणाले होते. तेव्हा म्हातारी होती ती आजी. आईनं तेव्हा काही म्हटलं नाही. सेंट्रिंग उतरलं, ती पहिल्यांदा नव्या स्वयंपाकघरात उभी राहिली आणि वर बघितलं तर बरोबर चुलीवर भोक. शेजारच्या कोनाड्यात देव. "चुलीवर आणि देवाच्या डोक्यावर संडास? मी म्हटलं, आधी ते बुजवा, मगच मी हितं चूल पेटवते. चार दिस दारात चूल मांडून मी बोळात रांधलं."

"मग?"

"मग काय. बुजवलं. बोलले न्हाईत मातर आठवडाभर."

कोअरवाल्याला मी हे सगळं सांगितलं नाही, फक्त म्हटलं, होय, जुनं आहे. त्याला आनंद झाला. ठेवलेल्या भोकात सळ्या नसणार. बांधणाऱ्यानं त्या बाजूला घेतल्या असतील, म्हणूनच शेजारी दाट लागल्या. जुन्यातच घेऊ या. फक्त भिंतीपासनंचं माप नऊच्या जागी सतरा इंच होणार. आबांनी तेव्हाच्या भारतीय भांड्याच्या हिशेबानं ठेवलं होतं, ते भिंतीपासून लांब असतं. प्लंबर कुरकुरला. कमोड पुढं येतोय म्हणाला. मी म्हटलं, येऊ दे.

खाली वहिनीच्या ओट्यावर पोरानं एक फळी आणि तिला टेकू दिला, कापलेला तुकडा सुटून पडू नये म्हणून. फळीवर घडी घातलेलं पोतं. भोवती प्लास्टिक. वर स्लॅबला एक फास्टनर ठोकून स्टँड आवळला. मग त्यानं पिशवीतनं बिट काढला. पाच इंच रुंद, तळ नसलेला लोखंडी डबा, आणि त्याच्या खालच्या ओठावर दातांसारखे राखाडी तुकडे. "ह्यात हिरा असतोय," तो आईला म्हणाला.

आईनं शेंगा खाली ठेवल्या. गुजरीतल्या सराफाकडनं तिनं आयुष्यात जे काही घेतलं ते सोनं, तेही तोळा-दीड तोळा. घरात हिरा पहिल्यांदा आला तो असा, जमीन कापायला. तिनं बोट लावून बघितलं. "ह्यो?"

हाच. कारखान्यात केलेला, बारीक खड्यांचा. माणसानं बनवलेला हिरा अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकनं १९५५ मध्ये जाहीर केला, आणि तेव्हापासून तो दागिन्यांपेक्षा असल्या कामात जास्त झिजलाय. पोकळ नळी फिरवून दगडाला भोक पाडायची युक्ती मात्र फार जुनी आहे. इजिप्तमध्ये तांब्याच्या नळीखाली वाळू घालून ग्रॅनाइट पोखरायचे. नळीची हुशारी अशी की सगळा गोल फोडायला लागत नाही. फक्त रेघ झिजवायची, आतला दगड आपोआप सुटतो. हिऱ्याचे दात कापत नाहीत, घासतात. घासता घासता वरचे कण गळतात, त्यांना धरून ठेवणारी धातूची माती झिजते आणि आतले नवे कण उघडे पडतात. कठीण दगडाला धातू मऊ घ्यायचा म्हणजे तो लवकर झिजतो. मऊ दगडाला उलटं. आपल्याकडची खडी काळ्या बसाल्टची, म्हणून याच्याकडचा बिट मऊ धातूचा होता. मधेच कापणं मंदावलं की तो बिट वर घ्यायचा आणि एका भाजक्या विटेवर मिनिटभर फिरवायचा. वीट धातू खाते, हिरे पुन्हा टोकदार उभे राहतात. "चाकू सहाणेवर धरल्यागत," तो म्हणाला.

मशीन सुरू केल्यावर पहिलं मिनिट तो बिट जेमतेम टेकवत होता. गोलाची खाच पडेपर्यंत घाई केली तर बिट नाचतो आणि फरशीभर ओरखडे काढतो. खाच पडली, पाणी सोडलं आणि आवाज खाली बसला. मला ब्रेकरच्या दणदणाटाची भीती होती. हा जात्यासारखा होता. बिटाच्या कडेनं करडा लगदा वर येत होता, पातळ, गुळगुळीत, सारवायच्या शेणकाल्यासारखा. पोरगा तो वाटीनं भरून बादलीत टाकत होता. मोरीत ओतू नका म्हणाला, त्यात सिमेंटच असतंय, पाइपात बसलं तर परत मलाच बोलवाल. पाण्याविना कापलं असतं तर हाच लगदा धूळ होऊन घरभर झाला असता, आणि ती धूळ म्हणजे दगडाचा भुगा, छातीत गेला की परत निघत नाही. फौंड्रीतल्या आबांच्या दोन जोडीदारांना मी खोकताना बघितलंय. त्या वेळी तोंडाला रुमाल बांधणाऱ्या मोल्डरला बाकीचे हसायचे.

एकदाच मी म्हटलं, जरा जोर लावला तर?

"रेटायचं न्हाय, मालक. त्येच्या कलानं घ्यायचं."

शेवटच्या इंचाला त्यानं हात आणखी हलका केला. खाली दादा टेकूला धरून उभा होता आणि दर मिनिटाला "बरं चाललंय," असं ओरडत होता, जणू त्याला काही दिसत होतं. सव्वीस मिनिटं झाली होती. मग पाणी एकदम खाली गेलं, आवाज पोकळ झाला आणि खालनं वहिनी म्हणाली, "आलं."

तुकडा फळीवर अलगद बसला होता. साडेचार इंच उंच, पाच इंचांहून किंचित कमी रुंद, ओला, काळा-करडा, भिजल्यामुळं घासलेल्या फरशीसारखा चकाकणारा. कापलेल्या अंगावर खडी दिसत होती, चिरलेल्या चिक्कीतल्या शेंगदाण्यांसारखी. सळी एकही नाही. पोकळी एकही नाही. आबांनी बुजवताना राग काँक्रीटमध्ये घातला नव्हता. मिश्रण स्लॅबपेक्षाही बळकट दिसत होतं.

भोकात मात्र अजून एक कडं उरलं होतं, अर्ध्या इंचाहून पातळ. नवं भोक पाच इंची आणि जुनं त्याहून मोठं, मधे राहिलेलं बुजवणाचं वर्तुळ. त्या माणसानं छिन्नीनं टिचकी मारली तसं ते तुकड्या-तुकड्यांनी सुटलं. आत हात घालून त्यानं कडा पुसली, मोबाइलचा दिवा लावला आणि मला म्हणाला, "ह्ये बघा."

भोकाच्या भिंतीवर आडव्या वळ्या होत्या. तीन. एकसारख्या अंतरावर. आणि वरपासून खालपर्यंत एक उभी, सरळ रेघ.

डब्याच्या वळ्या. डालड्याचा पत्र्याचा डबा. आमच्या घरात तेव्हा तुळशीपासून तांदळापर्यंत सगळं त्यातच असायचं. आणि उभी रेघ कशाची, ते कळायला मला रात्र गेली. वळ्यांचा डबा काँक्रीटमधून सरळ वर निघणार नाही, वळ्या अडकतात. मोल्डरला हे नक्कीच माहीत होतं. म्हणून त्यांनी डबा उभा चिरला असणार, चीर तारेनं आवळली असणार, आत ओली वाळू ठासली असणार आणि तरंगू नये म्हणून तळातनं सेंट्रिंगच्या फळीला खिळा मारला असणार. काँक्रीट धरल्यावर वाळू उपसायची, तार तोडायची. चिरलेला पत्रा आत मुडपतो आणि अलगद निघून येतो. घरातल्या डालड्याच्या डब्याचा त्यांनी कोअर केला होता. आणि त्याच वळ्यांत नंतरचं बुजवण अडकून बसलं, म्हणून तर सळीविना ते चाळीस वर्षं वहिनीच्या आणि त्याआधी आईच्या डोक्यावर टिकलं.

मी टेप लावला. सहा इंचांना एक सूत कमी. कुठूनही मोजलं तरी तेवढंच. खालच्या कडेला एक खपली नाही.

कोअरवाला त्याचे पंधराशे घेऊन गेला. जाताना फरशी स्वतः पुसून गेला, हे लिहिलंच पाहिजे. पाइप बसला, भोवतीच्या फटीत न आकसणारं ग्राउट भरलं, वर बुजवणीचा कोबा, पाणी तुंबवून दोन दिवस बघितलं. स्वयंपाकघराचं छत कोरडं. कमोड भिंतीपासून पुढं आला तो आलाच; मागं प्लंबरनं एक बुटका कट्टा बांधून दिला. त्यावर आई तिची काठी आडवी ठेवते, तांब्या ठेवते, आणि का कोण जाणे, एक विजेरी.

वहिनीचं राहिलं. काम ठरलं त्या दिवशी मी तिला घाबरत घाबरतच विचारलं होतं, तुमच्या शेगडीच्या कोपऱ्यातनं पाइप जाणार, चालेल ना. देवघर आता पुढच्या खोलीत गेलंय, तरी स्वयंपाकघर ते स्वयंपाकघरच. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, पाइपाला पेटी करून घ्या आणि तिला ओट्यासारखीच टाइल लावा. बस्स, एवढंच. पुढं जुन्या भोकाची गोष्ट घरात सगळ्यांना कळली, तिलाही कळली. आई त्या आठवड्यात एकदा, कठड्याला धरून, दिवसाउजेडी, कुणालाही न सांगता खाली उतरली. वहिनीच्या ओट्याजवळ उभी राहून ती नवी पेटी बघितली, वरपासून खालपर्यंत हात फिरवला. वहिनी पाठमोरी होती, ती वळली नाही. "टाइल बरी लागलीय," आई म्हणाली. मग दोघींनी बसून मेथी निवडली.

तो तुकडा दादानं मागितला. दाराला लावायला, म्हणाला. दिला.

पेटीवर वहिनीनं कालनिर्णय टांगलंय. पहाटे साडेपाचच्या सुमाराला त्याच्या मागनं पाणी खाली उतरल्याचा आवाज येतो. मग वहिनी दादाला सांगते, उठल्या, आणि चहाचं आधण ठेवते.